दाखला देण्यापूर्वी...

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कोर्टात कधी गेला असाल, तर एक दृश्य तुम्ही पाहिले असेल. वकील उभे राहतात, समोरच्या पुस्तकांच्या चळतीतून एक पुस्तक ओढतात, खुणेची चिठ्ठी घातलेले पान उघडतात आणि म्हणतात, ‘साहेब, या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने आहे.’ मागच्या बाकावर बसलेल्या पक्षकाराला वाटते, झाले, आपण जिंकलो! इतक्यात समोरचे वकील उठतात. त्यांच्याही हातात पुस्तक असते, त्यातही चिठ्ठी असते. ‘साहेब, सर्वोच्च न्यायालयाचाच निकाल आमच्याही बाजूने आहे.’ पक्षकार चक्रावतो. एकाच प्रश्नावर दोन निकाल कसे? आणि त्यातला खरा कोणता?

आज याच प्रश्नाबद्दल थोडे बोलायचे आहे. वकील बोलतो कसा, हे सगळ्यांना दिसते. तो वाचतो कसा, हे मात्र कोणालाच दिसत नाही. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयात बरीच वर्षे काढल्यावर माझे असे मत झाले आहे, की पुष्कळशा खटल्यांचे भवितव्य कोर्टात उभे राहण्याच्या आदल्या रात्रीच ठरलेले असते. ते कसे, हे सांगण्यासाठी माझ्याच कार्यालयातली एक गोष्ट सांगतो. त्यात माझी थोडी फजिती आहे, पण ती सांगितल्यावाचून मुद्दा पटायचा नाही.

नऊ एकर आणि एक टीप

२०१६ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई माझ्याकडे आल्या. हातात पिशवी, पिशवीत सातबाऱ्याचा उतारा आणि टंकलिखित हक्कसोडपत्राचा मसुदा. वडिलोपार्जित जमीन नऊ एकर. आई आधीच गेलेली, वडील १९९८ मध्ये वारले. मागे दोन भाऊ आणि ही एक बहीण. बहिणीचे लग्न १९८९ मध्ये झालेले. जमिनीची वाटणी कधी झालेली नव्हती. सोमवारी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन सही करायची, असे घरात ठरले होते.

बाईंनी विचारले, ‘वकीलसाहेब, सही करू ना? भाऊ म्हणतात, नव्या निकालाप्रमाणे तुझा हिस्साच बसत नाही. मग उगाच माहेर कशाला तोडायचे?’

माझा ज्युनिअर हुशार होता. त्याने लगेच सांगितले, ‘सर, २०१५ चा प्रकाश विरुद्ध फुलवती. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात नसतील, तर मुलीला हक्क नाही.’ त्याने पुस्तक उघडून निकालाच्या डोक्यावरची टीप दाखवली. आम्ही वकील तिला ‘हेडनोट’ म्हणतो. मी ती वाचली आणि मान डोलावली. बाईंना म्हटले, ‘ताई, भाऊ म्हणतात ते बरोबर दिसते. तरी उद्या एकदा या.’

हे ‘उद्या’ मी का म्हटले, ते आजही नीट सांगता येत नाही. सवय असेल. पण त्या रात्री मी तो निकाल टीप सोडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि कान कोवळे असताना माझ्या गुरूंनी सांगितलेले वाक्य आठवले. ते म्हणायचे, ‘निकालात काय ठरले हे नंतर बघ. आधी प्रश्न काय होता ते बघ.’

त्या निकालातला प्रश्न असा होता : हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहहिस्सेदार मानले गेले. वडील त्या दुरुस्तीआधीच वारले असतील, तर तिला या नव्या हक्काचा लाभ मिळेल का? न्यायालय म्हणाले, नाही. एवढेच. मुलगी बापाची वारसच नाही, असे न्यायालयाने कुठेही म्हटले नव्हते. ते म्हणणारही नव्हते, कारण वारस म्हणून मुलीचा हक्क १९५६ च्या मूळ कायद्यातच आहे.

आता हिशेब मांडू. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असती तर काय, अशी कल्पना जुना कायदा करायला सांगत होता. त्या कल्पित वाटणीत वडील आणि दोन मुलगे असे तीन हिस्सेदार. प्रत्येकी तीन एकर. मग वडिलांचे तीन एकर त्यांच्या तीन मुलांत, म्हणजे दोन भाऊ आणि बहीण यांच्यात, सारखे वाटायचे. बहिणीला एक एकर. म्हणजे जो निकाल दाखवून ‘तुला काही नाही’ असे सांगितले जात होते, त्याच निकालाप्रमाणे एक एकर तिचा होता. आमची चूक कायद्याची नव्हती, वाचण्याची होती.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितले, ‘ताई, सोमवारी सही करू नका.’ दुसरीही एक गोष्ट सांगितली. फुलवतीचा निकाल दोन न्यायमूर्तींचा आहे, प्रश्न देशभरातल्या घराघरांतला आहे, तो मोठ्या पीठापुढे जाण्याची शक्यता आहे. हे काही भविष्य नव्हते. निकाल कोणत्या पीठाचा आहे एवढे पाहिले, की हा अंदाज कोणालाही करता येतो.

भावांशी बोलणे फिसकटले आणि वाटणीचा दावा दाखल झाला. पुढे २०१८ मध्ये दानम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, वडील २००१ मध्येच वारलेले असूनही, मुलींना सहहिस्सेदार म्हणून वाटा दिला. म्हणजे दोन-दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आणि दिशा दोन! सुरुवातीला सांगितलेले दृश्य ते हेच. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की मुलीचा हक्क जन्माने आहे आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. आमचा दावा अजून चालू होता. नऊ एकरांत तीन भावंडे, प्रत्येकी तीन एकर. कागदावर शून्य असलेला हिस्सा आधी एक एकर आणि मग तीन एकर झाला. त्या सोमवारी सही होऊन हक्कसोडपत्राची नोंदणी झाली असती, तर पुढचे सगळे निकाल त्या बाईंच्या दृष्टीने फक्त वर्तमानपत्रातल्या बातम्या ठरले असते.

निकालातले हाड आणि मांस

या गोष्टीतून निकाल वाचण्याची रीत आपोआप समोर येते. प्रत्येक निकालात चार गोष्टी शोधायच्या असतात : घडले काय, प्रश्न कोणता होता, उत्तर काय दिले आणि ते कोणत्या कारणाने दिले. यातले उत्तरामागचे कारण हा निकालाचा कणा. कायद्याच्या भाषेत त्याला ‘रेशो’ म्हणतात. मराठीत निर्णयाचा आधार म्हणू. बंधन असते ते या आधाराचे. बोलता बोलता न्यायमूर्ती इतरही पुष्कळ काही म्हणतात, उदाहरणे देतात, खंत व्यक्त करतात. त्याला ‘ओबिटर’ म्हणतात. त्याला मान आहे, पण त्या खटल्याचा निर्णय त्याच्यावर उभा नसतो. निकालातले एखादे सुंदर वाक्य उचलून ते कायद्याच्या कलमासारखे वाचणे, हा आम्हा वकिलांचा जुना दोष आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल अनेकदा कान उपटले आहेत. घटनांमध्ये बारीकसा फरक असला, तरी निष्कर्ष पार उलटा होऊ शकतो.

आणि डोक्यावरची टीप? ती न्यायमूर्तींनी लिहिलेली नसते. ती निकाल छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांनी तयार केलेली असते. ती रस्त्यावरच्या पाटीसारखी आहे. गाव कुठे आहे ते पाटी सांगते, पण पाटी म्हणजे गाव नव्हे.

या नियतकालिकांची आपल्याकडची परंपरा मोठी आहे. ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मालिका १८७६ पासूनची, ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ चे, आणि वकिलांच्या तोंडी ‘एआयआर’ म्हणून बसलेले ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ तर आपल्या नागपूरचे. पूर्वी एकेका निकालासाठी जिल्ह्याच्या बार लायब्ररीत दिवस घालवावा लागे. आता सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल-संग्रह जानेवारी २०२३ पासून संगणकावर कोणालाही फुकट वाचायला मिळतात. काही निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. शोधणे सोपे झाले, पण वाचण्याचे कष्ट तेवढेच राहिले.

हा निकाल अजून जिवंत आहे का?

निकाल सापडला, वाचला, पटला. आता सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न : तो आजही लागू आहे का? राज्यघटनेच्या १४१ व्या अनुच्छेदाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. पण सर्वोच्च न्यायालयाचे मोठे पीठ छोट्या पीठाचा निकाल रद्द ठरवू शकते. त्यामुळे निकालाची तारीख आणि न्यायमूर्तींची संख्या पाहिल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

याचे उत्तम उदाहरण जालन्याचे आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे राहून निवडून आले. निवडणूक याचिकेतला आक्षेप असा होता, की उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी तीनची वेळ टळल्यावर दिला गेला. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. पण चित्रणाची सीडी पुरावा म्हणून द्यायची, तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाप्रमाणे सोबत एक प्रमाणपत्र लागते. ते प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. मग सीडी वाचता येईल का?

समजा तुम्ही त्या खटल्यातले वकील आहात आणि शोध घ्यायला बसला आहात. पहिला निकाल सापडतो संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यातला, २००५ चा. तो म्हणतो, प्रमाणपत्र नसले तरी चालेल. तुम्ही खूश होता. पण पुढे २०१४ चा अन्वर विरुद्ध बशीर सापडतो. तीन न्यायमूर्तींचे पीठ. ते म्हणते, प्रमाणपत्र हवेच. २००५ चे मत बरोबर नव्हते. मग २०१५ चा तोमासो ब्रुनो सापडतो. तोही तीन न्यायमूर्तींचा, पण त्यात अन्वरचा उल्लेखच नाही आणि सूर वेगळा. त्यानंतर २०१८ चा शफी मोहम्मद. दोन न्यायमूर्ती म्हणतात, यंत्र ज्याच्या ताब्यात नाही त्याला प्रमाणपत्राची सक्ती नको. चार निकाल, चारही सर्वोच्च न्यायालयाचे! नुसता शेवटचा निकाल घेऊन जो वकील कोर्टात गेला असता, तो फसला असता. कारण दोन न्यायमूर्तींचे पीठ तीन न्यायमूर्तींच्या निकालाविरुद्ध जाऊ शकत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी हा गुंता सोडवला. अन्वर बरोबर. शफी मोहम्मद रद्द. तोमासो ब्रुनो बंधनकारक पूर्वनिर्णय नजरेआड करून दिलेला, म्हणून त्याचे बंधन नाही. मूळ यंत्रच कोर्टात हजर केले तर प्रमाणपत्र नको, नाहीतर हवे. मात्र माणसाने प्रमाणपत्रासाठी सगळे प्रयत्न केले, कोर्टामार्फतही मागितले आणि तरीही ते मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा त्याच्यावर करणार नाही. याचिकाकर्त्यांनी तसे प्रयत्न केले होते, ते कागदावर होते, म्हणून उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. यात वकिलाने शिकण्यासारखे आहे ते हे, की प्रत्येक मागणीचा अर्ज त्यांनी लेखी केला होता आणि जपून ठेवला होता. कायदा माहीत असून भागत नाही. तो लागू व्हावा असा पुरावाही आधीपासून तयार ठेवावा लागतो.

निकाल मोठ्या पीठाने मरतो, तसा तो कायदा बदलल्यानेही मरतो. न वटलेल्या धनादेशाची फिर्याद कोणत्या गावच्या कोर्टात करायची, यावर २०१४ मध्ये दशरथ राठोड प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला : जिच्यावर धनादेश काढला ती बँक जिथे असेल तिथे. असंख्य फिर्यादी परत गेल्या. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला आणि धनादेश खात्यात भरणाऱ्याला आपल्या बँकेच्या शाखेच्या ठिकाणी फिर्याद करता येऊ लागली. त्यानंतरही तो २०१४ चा निकाल घेऊन उभे राहणारे वकील मी पाहिले आहेत.

१ जुलै २०२४ पासून तर ही सावधगिरी दुप्पट झाली आहे. भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा जाऊन त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. खुनाचे ३०२ आता १०३ झाले. गंमत ४८२ ची आहे. जुन्या प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन! संगणकावर नुसता आकडा टाकला, तर नको ते निकाल ढिगाने बाहेर येतात. आणि १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते. म्हणून आता टेबलावर दोन्ही पुस्तके हवीत, आणि घटनेची तारीख सगळ्यांत आधी.

न झालेले निकाल

संगणकाचा विषय निघालाच आहे, तर एक परदेशातली घटना सांगायला हवी. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात वकिलांनी सहा निकालांचे दाखले दिले. समोरच्या वकिलांना ते सापडेनात. कोर्टालाही सापडेनात. शेवटी कळले, की ते निकाल कधी झालेच नव्हते. चॅटजीपीटी या संगणकीय कार्यक्रमाने ते रचून दिले होते : नावे, तारखा, उतारे, सगळे काही. न्यायालयाने पाच हजार डॉलर दंड केला. यंत्राला दोष देऊन काय उपयोग? मूळ निकाल उघडून पाहिला असता, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. माझ्या ज्युनिअरने टीप वाचली आणि मी मान डोलावली, त्याहून ही चूक फार वेगळी नाही. दुसऱ्याने काढलेल्या सारावर विसंबायची सवय जुनीच आहे. साधन तेवढे नवे आले.

नव्या वकिलांना मी आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती त्यांना सहसा आवडत नाही. आपल्या बाजूचा निकाल सापडला की शोध संपला असे समजू नका. आता आपल्याविरुद्धचा शोधा. समोरचा वकील तो शोधणारच आहे. तो त्याने दाखवल्यावर गडबडून जाण्यापेक्षा आपणच कोर्टापुढे ठेवावा आणि आपल्या प्रकरणातल्या घटना कशा वेगळ्या आहेत ते सांगावे. थेट विरोधातला बंधनकारक निकाल दडवणे ही तर कोर्टाची फसवणूक आहे. शिवाय न्यायाधीशांचा एकदा विश्वास बसला, की पुढच्या वेळी तुमच्या दाखल्याकडे ते अधिक लक्ष देऊन पाहतात. लहान गावच्या कोर्टात तर या विश्वासाला फार किंमत असते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे वकिलांसाठी झाले, आम्हाला काय? तर तुमचेही काम आहे. वकिलाकडे जाताना आपली गोष्ट तारीखवार लिहून न्या. वडील कधी वारले, लग्न कधी झाले, फेरफार कधी पडला, नोटीस कधी मिळाली. वर दिलेल्या प्रत्येक उदाहरणात तारखेनेच निकाल फिरवला आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. आणि कोणी म्हणाले, ‘तुमच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे,’ तर घाबरून सही करू नका. नम्रपणे तीन गोष्टी विचारा : निकाल कोणत्या साली झाला, किती न्यायमूर्तींचा आहे, आणि त्यातल्या माणसाची हकीकत माझ्यासारखीच आहे का? चांगला वकील या प्रश्नांवर रागावत नाही. फार तर म्हणेल, ‘उद्या या, वाचून सांगतो.’ तसे म्हणाला, तर तो वकील सोडू नका.

त्या बाईंच्या घरी वर्षभर भाऊ-बहिणींचे बोलणे बंद होते. पुढे धाकट्या भावाच्या नातवाच्या बारशाला ते पुन्हा सुरू झाले, असे त्यांनीच मला सांगितले. तीन एकरांतल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दर वर्षी कार्यालयात येते. ज्युनिअर आता स्वतंत्र वकिली करतो. पिशवी आली की मी त्यालाही बोलावतो. आम्ही दोघे शेंगा फोडत बसतो आणि त्या टीपेची आठवण काढतो.